खिशातले रिव्हॉल्व्हर आणि कपाटाची किल्ली

तुळशीची लग्ने उरकली होती आणि बाजारात लग्नसराईची लगबग सुरू झाली होती, त्या सुमारास आमचे एक सराफ स्नेही सायंकाळी घरी आले. तालुक्याच्या गावी त्यांची तीन पिढ्यांची पेढी आहे. गावात सर्वांच्या सुखदुःखाला धावून जाणारा, गणेशोत्सवापासून रक्तदान शिबिरापर्यंत प्रत्येक ठिकाणी खांदा देणारा हा गृहस्थ. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग खिशातून घडी घातलेला एक कागद काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवला. त्यावर तीन रिव्हॉल्व्हरांची नावे, वजने आणि किमती व्यवस्थित लिहिलेल्या होत्या. सोन्याचा भाव लिहावा तशा.

"अहो, तुम्ही वर्तमानपत्रातली माणसे. खिशात मावेल, कुणाच्या नजरेत येणार नाही आणि आपल्या आवाक्यातले असे यातले कोणते घ्यावे, एवढे सांगा."

मी हसलो नाही, आणि कोणी हसू नये. त्यांच्याच रस्त्यावरच्या एका दुकानदाराला दोन महिन्यांपूर्वी रात्री दुकान बंद करून परतताना दोघा मोटरसायकलस्वारांनी अडवले, डोक्यात लोखंडी पाइप घातला आणि पिशवी नेली. तो माणूस वाचला, पण त्याचा उजवा हात अजून पूर्ववत झालेला नाही. आमचे स्नेही रोज रात्री साडेआठला त्याच रस्त्याने, तशीच पिशवी घेऊन घरी जातात. भीती ही त्यांची कल्पना नव्हे. त्यांच्या प्रश्नाला "पोलीस आहेत ना!" असे उत्तर देणे ज्यांना सुचते, त्यांनी एकदा तालुक्याच्या ठाण्यातील शिपायांची संख्या आणि त्या ठाण्याच्या हद्दीतील गावांची संख्या शेजारी शेजारी मांडून पाहावी.

स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगणे हा विषय निघाला की आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. एका टोकाला शस्त्राचे नाव काढताच कानांवर हात ठेवणारे, दुसऱ्या टोकाला घरोघरी बंदूक हवी म्हणणारे. दोघांनाही इतिहासाचे विस्मरण झालेले असते. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्रांचा कायदा आला आणि हिंदुस्थानातील माणूस आपल्याच घरात परवान्यावाचून निःशस्त्र झाला. गोऱ्यांना मात्र त्यातून सूट होती. हा भेद त्या काळच्या सुशिक्षितांच्या जिव्हारी लागला. १८८७ च्या मद्रास काँग्रेसमध्ये या कायद्याविरुद्ध ठराव झाला. १९३१ च्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो प्रसिद्ध ठराव मंजूर झाला, त्यात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा नागरिकाचा हक्कही होता. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत असावा अशी दुरुस्ती मांडली, डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही आणि ती फेटाळली गेली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने गोऱ्या-काळ्याचा भेद काढला, परवाना कायम ठेवला. म्हणजे आज आपल्या देशात शस्त्र हा हक्क नाही. कारण पटवून देऊन मिळणारी अनुमती आहे. माझ्या मते आंबेडकरांचा निर्णय योग्य होता. उत्तरेत लग्नाच्या मांडवात आकाशात झाडलेल्या गोळ्या कोणाच्या अंगणात उतरतात, हे ज्यांनी वाचले आहे त्यांना ते पटावे. पण अनुमती मागणारा प्रत्येक जण गुंड असतो, ही जी एक सरकारी दृष्टी असते, तीही मला मान्य नाही. असो.

आता स्नेह्यांच्या कागदाकडे वळू.

अमेरिकन मासिकांत छोट्या रिव्हॉल्व्हरांच्या जाहिराती पाहून ज्यांच्या मनात निवडीचे मोठे चित्र उभे राहते, त्यांचा येथे भ्रमनिरास होतो. दोन इंची नळीचे कोल्ट १९२७ पासून, पाच गोळ्यांचे स्मिथ अँड वेसन १९५० पासून तिकडच्या गुप्तहेरांच्या आणि दुकानदारांच्या कोटात वावरत आले. पण ती प्रामुख्याने .३८ बोअरची. आपल्या कायद्यात .३८, .४५५ आणि नऊ मिलिमीटर ही मापे सैन्य-पोलिसांसाठी राखीव, सामान्य नागरिकास निषिद्ध. शिवाय १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परदेशी शस्त्रांची व्यापारी आयात बंद आहे. त्यामुळे जुन्या काळी आलेले एखादे बत्तीस बोअरचे वेब्ली किंवा स्मिथ अँड वेसन परवानाधारकांच्या हातांतून फिरत राहते आणि पन्नास वर्षांच्या त्या म्हाताऱ्या यंत्राला काही लाखांचा भाव येतो. नव्या मोटारीपेक्षा जुने रिव्हॉल्व्हर महाग, असा हा बाजार आहे. आवाक्यातले हवे असेल, तर वाट प्रामुख्याने सरकारी कारखान्यांकडेच जाते.

तेथे काय मिळते? कानपूरचे बत्तीस बोअरचे पोलादी रिव्हॉल्व्हर ही जुनी ओळखीची वस्तू. मध्यावर मोडून उघडणारे, इंग्रजी वळणाचे. त्याचेच हलके भावंड म्हणजे जानेवारी २०१४ मध्ये आलेले 'निर्भीक'. दिल्लीच्या त्या भीषण घटनेनंतर, महिलांसाठी म्हणून ते काढले गेले. टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे वजन सुमारे पाचशे ग्रॅम, सहा गोळ्या, आणि दागिन्यांच्या डब्यासारखी मरून रंगाची पेटी. किंमत तेव्हाच एक लाख बावीस हजारांच्या पुढे होती. महिलांच्या सुरक्षेचे उत्तर दागिन्याच्या पेटीत घालून विकण्याची ही कल्पना ज्या कोणा अधिकाऱ्याला सुचली, त्याला आपल्या बसथांब्यावर उभी राहणारी परिचारिका किंवा शिक्षिका महिन्याला किती कमावते, हे बहुधा कोणी सांगितले नव्हते. पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने त्यानंतर 'निडर' काढले; बावीस बोअरचे, वजन अवघे अडीचशे ग्रॅम, किंमत पस्तीस हजारांच्या आसपास. ऑक्टोबर २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाचे विभाजन होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. त्यांपैकी कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' बाजारात आणले. बत्तीस बोअर, सातशे ग्रॅम, ७६ मिलिमीटर नळी, आणि चक्र बाजूला उघडणारे. उत्तर प्रदेशातच हरदोई जिल्ह्यात एका खासगी उद्योगाने वेब्ली या जुन्या इंग्रजी नावाने रिव्हॉल्व्हर बनवण्यास आरंभ केला आहे. तेही लाखाच्या बरेच पुढे. काडतुसे मात्र आपल्या अंगणातली. खडकीच्या कारखान्याची मोहर असलेली बत्तीसची काडतुसे देशभर जातात.

या किमतींवर सप्टेंबर २०२५ पासून आणखी एक गोष्ट चढली आहे. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलांवरील वस्तू व सेवा कर अठ्ठावीस टक्क्यांवरून चाळीस टक्के झाला. चैनीच्या नौकांच्या पंगतीत ही वस्तू बसवली गेली. ज्याला खरोखर धोका आहे आणि ज्याला केवळ मिरवायचे आहे, असे दोन ग्राहक या दुकानात येतात. कर पहिल्यालाच जाणवतो.

"मग 'निडर' घेऊ का? हलके आहे, स्वस्त आहे," असे स्नेही म्हणाले. येथेच थोडे थांबले पाहिजे, कारण लहान आणि हलके हे गुण विकत घेताना जेवढे मोहक वाटतात, तेवढे ते हातात राहत नाहीत.

रिव्हॉल्व्हरचा चाप ओढला की एकाच हालचालीत दोन कामे होतात. चक्र एक घर पुढे सरकते आणि घोडा मागे जाऊन सुटतो. हे सारे बळ एका बोटाने पुरवायचे. स्वाभाविकच चाप जड असतो आणि त्याची खेच लांब असते. सुरक्षेच्या दृष्टीने हे चांगलेच आहे, कारण चुकून ओढला जाणे अवघड. पण चाप ओढण्यास लागणारे बळ जेव्हा शस्त्राच्या वजनाहून कितीतरी पट अधिक होते, तेव्हा गोळी सुटण्याच्या आधीच नळी खाली ओढली जाते. शस्त्र जितके हलके, तितकी ही ओढ जास्त. त्यात नळी आखूड, म्हणजे पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातले अंतर थोडके. डोळ्याला जी चूक केसाएवढी वाटते, ती दहा पावलांवर वीतभर होते. कारखान्याचे पत्रक पन्नास मीटरचा पल्ला सांगते. गोळी तितकी जाईलही, पण घाबरलेला माणूस पाच मीटरवरची भिंतसुद्धा चुकवू शकतो.

गोळीच्या बळाचेही पाहावे. बत्तीसचे हे काडतूस एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेले, स्वभावाने सौम्य. नऊ मिलिमीटरच्या गोळीत जी ऊर्जा असते, तिच्या साधारण एक तृतीयांश यात. त्यामुळे धक्का कमी, हे नवख्यासाठी बरे. बावीसचे काडतूस त्याहूनही हलके आणि त्याच्या पितळी कडेत भरलेली दारू कधीमधी पेट घेत नाही. रिव्हॉल्व्हरचा मोठा गुण असा की एक काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढावा, पुढचे घर समोर येते. पिस्तुलासारखी अडकण काढत बसावे लागत नाही. म्हणूनच ज्याला वर्षातून एकदाच सराव मिळणार, त्याने पिस्तुलाच्या मागे न लागता रिव्हॉल्व्हरच घ्यावे, आणि त्यातही पोलादाचे, सातशे ग्रॅमच्या घरातले, बत्तीसचे घ्यावे, असे माझे मत झाले आहे. टायटॅनियमचे अधिकचे पैसे म्हणजे नेम बिघडवण्यासाठी दिलेले पैसे होत. अडीचशे ग्रॅमच्या बावीसवर कोणी आपला जीव टांगू नये. जुने शस्त्र कोणाकडून घेणार असाल, तर घोड्याखालचे घर रिकामे ठेवूनच ते बाळगावे. जुन्या घडणीच्या कित्येक रिव्हॉल्व्हरांत पडल्यावर गोळी सुटू नये यासाठी जो अडसर हवा, तो एक तर नसतो किंवा झिजलेला असतो.

याचे उदाहरण शोधण्यास दूर जायला नको. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत जुहूच्या आपल्या घरी, प्रवासाला निघण्यापूर्वी, अभिनेते आणि माजी खासदार गोविंदा यांच्या पायात स्वतःच्याच परवानाधारक रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. कपाटात ठेवताना ते हातून निसटून पडले, असे तेव्हा सांगण्यात आले. अनेक वर्षे ते शस्त्र घरात होते. ज्या दिवशी ते सुटले, त्या दिवशी खोलीत चोर नव्हता.

लपवून बाळगण्याविषयी एक गैरसमज आहे. खिशात लपवून शस्त्र नेणे हे काहीतरी चोरटे काम, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात २०१६ चे शस्त्र नियम परवानाधारकाला हेच सांगतात की सार्वजनिक ठिकाणी हातशस्त्र म्यानात किंवा पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि आपल्या ताब्यात असावे. ते दाखवणे, फिरवणे हाच गुन्हा. २०१९ च्या दुरुस्तीने बेपर्वाईने किंवा आनंदाच्या भरात गोळीबार करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. कमरेला लटकवून पानाच्या ठेल्यावर उभे राहणाऱ्या आमच्याकडील काही 'नेत्यां'ना हे कोणी वाचून दाखवावे.

पण झाकायचे कसे? आमचे स्नेही पांढरा सदरा आणि पायजमा वापरतात. पायजम्याच्या नाडीवर सातशे ग्रॅम टिकत नाहीत. सदऱ्याच्या बाजूच्या खिशात ठेवले तर खिसा गुडघ्याकडे ओढला जातो आणि चक्राचा फुगवटा चार पावलांवरून दिसतो. शिवाय खिशात सुटे ठेवलेले रिव्हॉल्व्हर उपसताना घोड्याची चोच कापडात अडकते. त्यासाठी रुंद कातडी पट्टा हवा, चापावर पूर्ण आवरण घालणारे म्यान हवे, आणि वर सैल जाकीट हवे. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात जाकीट घालून दुकानात बसणारा सराफ गावाला न सांगता सर्व काही सांगून जातो. कोकणात आणखी वेगळी अडचण. तेथे पावसाळ्यात कुलपे गंजतात, तर अंगाच्या घामात रोज भिजणारे पोलाद किती दिवस स्वच्छ राहील? महिलांनी पर्समध्ये ठेवावे असे सुचवले जाते. साखळीचोर ज्या पर्सवर झडप घालतो, तीच ती पर्स.

आणि वेळ? १९८३ साली अमेरिकेतील सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस टुलर यांनी एक साधी मोजणी केली. सुरा घेतलेला धडधाकट माणूस एकवीस फूट अंतर सुमारे दीड सेकंदात तोडतो. सरावलेल्या पोलिसाला कमरेचे शस्त्र उपसून झाडण्यास तितकाच वेळ लागतो. आपला सराफ स्कूटरवर असतो. दोन्ही हात मुठींवर, पिशवी पायांत, डोक्यावर शिरस्त्राण, आणि हल्लेखोर मागून येतो. त्याच्या जाकिटाखालचे शस्त्र त्या दीड सेकंदात कोणाच्या हाती जाईल, याचा विचार पत्रकात नसतो.

दुसऱ्याच्या हाती जाण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यांचा अंत झाला. झाडणाऱ्याने नंतर स्वतःलाही संपवले. ते पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाच्या परवान्यावरचे होते, असे पोलिसांच्या तपासात पुढे आले. सरकारने परवाना एका माणसाची चौकशी करून दिला. चाप दुसऱ्याने ओढला.

आमच्या घरातलीही एक आठवण आहे, ती आजवर मी लिहिली नव्हती. माझे थोरले मामा जंगल खात्याच्या ठेकेदारीत होते. आडवाटेने मजुरांचे पगार घेऊन जावे लागे, म्हणून त्यांच्याकडे परवान्याचे रिव्हॉल्व्हर होते. त्यांच्या उमेदीच्या काळात ते एकदाही झाडावे लागले नाही. निवृत्तीनंतर ते लाकडी कपाटात, मामींच्या पैठणीखाली गेले. किल्ली देवघरात समईच्या मागे असे, आणि हे घरातल्या सर्व पोरांना ठाऊक होते. मोठ्यांची समजूत मात्र अशी की पोरांना काही कळत नाही. १९८० च्या आसपासची मे महिन्याची दुपार. मी तेव्हा शाळेत होतो. मोठी माणसे माडीवर झोपलेली. माझ्या दहा वर्षांच्या मामेभावाने ते बाहेर काढले आणि खेळातल्यासारखे माझ्याकडे रोखून चाप ओढला. खट् असा आवाज झाला. पुन्हा ओढला. पुन्हा खट्. तिसऱ्यांदा ओढण्याआधी मामी जिन्यावरून उतरल्या. त्यांनी आरडाओरडा केला नाही. त्याच्या हातातून ते काढून घेतले, पदरात गुंडाळले आणि खाली बसल्या. मामांनी नंतर चक्र उघडले, तेव्हा सहापैकी दोन घरे रिकामी होती आणि चार भरलेली. ती दोन घरे रिकामी का होती, हे मामांनाही आठवेना. त्यांनी त्या संध्याकाळी कोणाला मारले नाही की रागावले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते शस्त्र घेऊन स्वतः तालुक्याला गेले आणि जमा करून आले.

तेव्हापासून रिव्हॉल्व्हरविषयी कोणी बोलू लागले की मी प्रथम किल्ली कोठे असते, हे विचारतो.

शस्त्र आहे आणि वेळ आली, तर कायदा काय म्हणतो, हेही घेणाऱ्याने आधी वाचलेले बरे. भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत खासगी बचावाचा अधिकार दिला आहे. जुन्या दंडसंहितेत ती ९६ ते १०६ होती. जीव जाईल किंवा गंभीर दुखापत होईल, अशी वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा प्राण घेण्यापर्यंत हा अधिकार जातो. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, आग लावणे अशा मोजक्या प्रसंगीच तो तेवढा जातो. साधी चोरी करून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर आरोपीच्या पिंजऱ्यात सराफ उभा राहतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात या अधिकाराची व्याप्ती सविस्तर सांगितली आहे. भ्याडासारखे पळून जाण्याची कायद्याची अपेक्षा नाही, तसेच बचावाला सूडाचे रूपही येता कामा नये, असा त्या निकालाचा आशय. न्यायालय परिस्थितीत सापडलेल्या माणसाच्या मनःस्थितीचा विचार करते, सोनाराच्या काट्यावर तोलत नाही. हे सारे खरे. पण तो विचार निकालाच्या दिवशी होतो, आणि तोवर पंचनामा, अटक, जामीन, वकील आणि काही वर्षे जातात. त्या वर्षांची किंमत स्नेह्यांच्या कागदावर नव्हती.

कागदावर नसलेल्या आणखी काही किमती आहेत. परवाना आयुक्तालयाच्या हद्दीत पोलीस आयुक्तांकडे, अन्यत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे मागायचा. वय एकवीस पूर्ण हवे, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र हवे, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी हवी, ठाण्याचा अहवाल अनुकूल हवा. नियमांत मुदती घातलेल्या आहेत. त्या पाळल्या जातात की नाही, हे अर्जदारांनाच विचारावे. परवाना पाच वर्षांचा, नंतर नूतनीकरण. निवडणुका आल्या की शस्त्र ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, आणि आपल्याकडे लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद, नगरपालिका यांतील काही ना काही असतेच. काडतुसांची संख्या परवान्यावर ठरलेली. त्यांतली सरावाला घालवावीत की जपून ठेवावीत, या विवंचनेत बहुतेक परवानाधारक आयुष्यात दहा-बारा गोळ्यांपलीकडे झाडत नाहीत. असा माणूस सशस्त्र असतो, पण त्याला शस्त्र येत नसते. शाखेच्या मैदानावर दंड फिरवायला शिकलेल्यांना हा फरक वेगळा सांगायला नको. काठीसुद्धा रोज फिरवावी लागते, तेव्हा ती हातात बसते.

देशात २०१६ अखेर तेहेतीस लाखांहून अधिक परवाने होते. त्यांतले पावणेतेरा लाख एकट्या उत्तर प्रदेशात, महाराष्ट्रात चौऱ्याऐंशी हजारांच्या घरात. उत्तर प्रदेशातला व्यापारी आपल्या व्यापाऱ्यापेक्षा पंधरा पट निर्धास्त झोपत होता, असे कोणी म्हणू शकेल का? मला तसे वाटत नाही. तेथे परवाना ही प्रतिष्ठेची खूण झाली आणि खांद्यावरची बंदूक हुंड्याच्या यादीत जाऊन बसली. आपल्याकडे ती खूण अजून झालेली नाही, हे आपले भाग्य समजावे.

मी स्नेह्यांना हे सर्व एका बैठकीत सांगितले नाही. तीन-चार संध्याकाळी बोलणे झाले. त्यांनी काही मुद्दे मान्य केले, काही केले नाहीत. "तुम्ही रोज रात्री त्या रस्त्याने जात नाही," एवढे एक वाक्य त्यांनी दोनदा उच्चारले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मग मी त्यांना म्हटले, घ्यायचेच असेल तर आधी प्रशिक्षणाला जाऊन या, कागद मागाहून पाहू.

ते गेले. जिल्ह्याच्या ठिकाणी नेमबाजीच्या मैदानावर त्यांना कानपूरचेच बत्तीस बोअर हाती दिले. सात पावलांवर माणसाएवढे पुठ्ठ्याचे लक्ष्य, भर दुपारचा उजेड, समोरून कोणी धावून येत नाही, घाई नाही. सहा गोळ्यांपैकी दोन पुठ्ठ्याला लागल्या, त्यांतली एक कोपराजवळ. परतल्यावर त्यांनी ते मला प्रामाणिकपणे सांगितले. सोन्याचा व्यवहार करणाऱ्या माणसाला वजनात खोटे बोलता येत नाही, तसे.

त्यानंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या. पेढीच्या भिंतीत तिजोरी बसवून घेतली आणि रात्री पिशवी घरी नेणे थांबवले. तीन पिढ्यांची रीत मोडली म्हणून त्यांच्या वडिलांनी आठवडाभर अबोला धरला. आणि शेजारच्या तिघा दुकानदारांशी बोलून चौघांनी एकाच वेळी दुकाने बंद करून एकत्र निघायचे ठरवले. तो जायबंदी झालेला दुकानदार आता त्यांच्या मध्ये असतो.

परवान्याचा अर्ज मात्र त्यांनी मागे घेतलेला नाही. त्यांचे म्हणणे असे की धोका पिशवीबरोबर संपला असे मानणारा चोर अजून जन्माला यायचा आहे. अर्जावर ठाण्याचा अहवाल यायचा आहे. मिळाला तर 'प्रबल' घेणार, असे म्हणतात, सातशे ग्रॅमचे. गेल्या आठवड्यात त्यांच्या घरी गेलो होतो. वहिनींनी पोहे केले होते. त्यांची सात वर्षांची नात ओटीवर गजगे खेळत होती. वहिनी पोह्यांची बशी पुढे करत म्हणाल्या, "भावजी, तुम्ही यांना एक विचारा. ते आले की आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवणार म्हणतात. त्या कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते आणि दुपारी मी झोपते तेव्हा ती उशाशी असते. मग ती कोठे ठेवू?"

स्नेही पोहे खाण्याचे थांबले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुण्याला फोन करून आकड्यांच्या कुलपाच्या छोट्या तिजोरीची किंमत विचारली.